पूर्व दरवाज्यापाशी मी काय सांगतो

मी पंचवटीत रिक्षा चालवतो आणि रिक्षापेक्षा तोंड जास्त चालवतो. हे बायकोचं म्हणणं, पण खोटं नाही. बाहेरगावचे यात्रेकरू बसले की रामकुंडापासून माझी टकळी सुरू होते, ती तपोवनात त्यांना उतरवेपर्यंत. इथं रामाने स्नान केलं, इथं सीतामाई राहिली, हे पाच वड, इथं लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं. गुजरातचे असले तर हिंदीत, लातूर-नांदेडचे असले तर मराठीत. बावीस वर्षं झाली. झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन.

फक्त एका ठिकाणी मी गप्प बसायचो. रामाच्या मोठ्या देवळाच्या पूर्व दरवाज्याशी रिक्षा लावायची आणि म्हणायचं, "चपला गाडीतच राहू द्या, मी आहे इथं." लोक आत, मी बाहेर. बावीस वर्षांत एकदाही आत गेलो नाही, आणि का ते कुणी विचारलं नाही.

कारण सांगतो. नव्वदेक वर्षांपूर्वी या देवळात आमच्या लोकांना पाऊल टाकायची बंदी होती. अस्पृश्य म्हणायचे आम्हाला. देऊळ उघडावं म्हणून हजारो माणसं दरवाज्यांसमोर येऊन बसली. तो सत्याग्रह कित्येक वर्षं चालला. माझे आजोबा त्यात होते, विशीतले. रामनवमीच्या रथाच्या दिवशी दगडफेक झाली, त्यातला एक दगड त्यांच्या कपाळावर बसला. ती खूण मी लहानपणी बोटाने चाचपून पाहिलेली आहे. पुढे त्यांनी धम्म घेतला, आमचं सगळं घर बौद्ध झालं. देऊळ नंतर सगळ्यांना उघडलं, पण आमच्यातलं कुणी गेलं नाही. माझ्याआधी वडील रिक्षा चालवायचे, त्यांचा नियमच होता: पोटासाठी दारापर्यंत, त्याच्यापुढं नाही.

मग एकदा एक निवृत्त मास्तर माझ्या रिक्षात बसले. पूर्व दरवाज्याशी उतरताना म्हणाले, "सत्याग्रह इथंच झाला ना हो? कुणी जुनं माहीतगार भेटेल का?"

आणि मी म्हणालो, "मला नाही माहीत, सर."

अरे! शूर्पणखेचं नाक कुठं पडलं ते मला माहीत, आणि आजोबाचं कपाळ कुठं फुटलं ते माहीत नाही? मागच्या सीटवर दुसरी सवारी, एक कडक सोवळी म्हातारी बसली होती, तिला वाईट वाटेल, भाडं तुटेल, म्हणून मी खोटं बोललो. मास्तर "असू द्या" म्हणून आत गेले. मी तिथंच त्यांच्या चपला सांभाळत बसलो आणि स्वतःला मनातल्या मनात अशा शिव्या हासडल्या, की विचारू नका. दुसऱ्या दिवसापासून ठरवलं. सांगायचं. प्रत्येकाला सांगायचं.

"इथं माझे आजोबा बसले होते. त्यांना आत सोडलं नाही. दगड खाल्ला त्यांनी. आता सगळे जातात, तुम्हीही जा." एवढंच. कुणी ऐकून मोबाईलमध्ये तोंड घालायचं, कुणी "अच्छा, अच्छा" करायचं. एक गुजराती बाई आत जायच्या आधी त्या जमिनीला हात लावून गेली. पण एका कुटुंबाचा मूड गेला, आणि त्यांनी स्टँडवर येऊन तक्रार केली.

आमच्या स्टँडचा म्होरक्या माझ्याबरोबरचाच, एका टपरीवर चहा पिणारा. म्हणाला, "काय भो, लोक देवाला येतात. त्यांना दगडफेक कशाला ऐकवतो?"

"झाली म्हणून."

"मग नंबर लावू नको स्टँडवर."

"नंबर पण लावीन आन् सांगीन पण. तुला काय करायचं ते कर."

त्याने केलंच. माझा नंबर आला की मागची रिक्षा पुढं काढायचा. तीन आठवडे मी निमाणीच्या बसस्टँडला जाऊन एकेक सवारी धरली, उन्हात करपलो. घरी बायको म्हणाली, "दोन वाक्यांसाठी एवढं?" मी म्हणालो, हो, दोन वाक्यांसाठीच. रोज सकाळी स्टँडवर जाऊन नंबर लावायचो, तो डावलायचा, मी निमाणीची वाट धरायचो. चौथ्या आठवड्यात तोच वैतागला. "जा बाबा, तुझा नंबर. तू काही ऐकणारा नाय."

ही बातमी वस्तीत पोचली. वडिलांची छाती फुगली. ऐंशीला टेकलेला माणूस दहा जणांना सांगत सुटला, "माझा पोरगा दबला नाही!" विहारातल्या मंडळींनी मला रविवारी सकाळी आजोबांवर बोलायला बोलावलं. मी आयुष्यात माईक धरलेला नाही. म्हटलं, नीट माहिती घेऊ, म्हणून देवळालीगावात आत्याकडे गेलो. वडिलांपेक्षा सात वर्षांनी मोठी, पण जीभ अजून सुरीसारखी.

माझं सगळं ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, "हक्कासाठी बसला, खरं आहे. पण आमच्या बाबाला, तुझ्या आजोबाला, राम बघायचा होता रे. लय वेड होतं त्याला. कामावर जाताना देवळाच्या मागच्या भिंतीला लांबूनच हात जोडायचा. मला मांडीवर घेऊन रामाची भजनं म्हणायचा. धम्म घेतला आणि सगळं सोडलं. परत नाव नाही काढलं कधी. मानी माणूस."

मी पार हललो. इतकी वर्षं मला वाटायचं, आजोबांना देवाशी घेणंदेणं नव्हतं, दार उघडायचं होतं बस. ज्याला देव नको त्याच्या तोंडावर दार लावलं, तरी तो अन्यायच. पण याला तर देव हवा होता! जीव तुटत होता त्याचा. हे कधी बोलले नाहीत म्हणून मला आजोबांचा राग आला, त्यांची दया आली, आणि देवळालीहून येताना डोळे पुसत रिक्षा चालवली.

घरी वडिलांना सांगितलं की हेही रविवारी बोलणार. ते एकदम उसळले. "खबरदार! लोक काय म्हणतील? ज्यांचं नाव घेऊन आपण छाती काढतो, तो माणूस रामभक्त होता? आत्याला काय कळतं!"

"खोटं आहे का ते?"

"खरं-खोटं मला शिकवू नको. तिथं बोलायचं नाही."

"दादा, स्टँडवर मला हेच सांगत होते. निम्मं सांग म्हणून. तिथं नाही ऐकलं मी."

त्यांनी ताट सरकवलं. रविवारपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. बायको म्हणाली, म्हाताऱ्याला या वयात कशाला दुखवता? मलाही पटत होतं. पण मास्तरांना दिलेलं ते उत्तर आठवलं की अंग जळायचं. पुन्हा कुणाला वाईट वाटेल म्हणून खोटं? नाही.

रविवारी विहार भरला होता. वंदना झाली. वडील पहिल्या रांगेत, मान खाली. दगडाचं सांगितलं, टाळ्या पडल्या. मग मी म्हणालो, "आणि आजोबांचं रामावर प्रेम होतं. म्हणूनच ते दार त्यांना जास्त लागलं. धम्म त्यांनी रिकाम्या हाताने नाही घेतला, हातातलं जिवाभावाचं सोडून घेतला."

टाळ्या थांबल्या. मागे कुजबुज सुरू झाली. वडील उठले. मला वाटलं, निघाले. मी बोलायचा थांबलो. ते काठी टेकत वर आले आणि माईक माझ्या हातातून घेतला.

"मी अकरा वर्षांचा होतो," ते म्हणाले. "आमच्या घरात रामाचा एक फोटो होता. धम्म घ्यायच्या आदल्या दिवशी बापाने तो उतरवला आणि मला घेऊन गोदावरीवर गेला. पाण्यात उभा राहिला. सोडायला जायचा आणि परत छातीशी धरायचा. शेवटी फोटो माझ्या हातात दिला. म्हणाला, तू सोड, माझ्याच्याने होईना. मी सोडला. आजवर कुणाला बोललो नाही, हिलासुद्धा नाही." त्यांनी आईकडे बोट केलं. आईने पदर तोंडाला लावला होता.

वडिलांनी माईक मला परत दिला, आणि चार दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

"उद्यापासून दरवाज्याशी सांगशील," म्हणाले, "तेव्हा हे पण सांग."