हल्लेखोरांची हजेरी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधेच हसलात तर पुढचं मला सांगवणार नाही. त्या सोमवारचं नुसतं नाव निघालं तरी अजून माझ्या तळहातांना घाम येतो.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल विणणारा एक कारखाना आहे, तिथलं नेटवर्क मी सांभाळतो. तेव्हा लागून जेमतेम दीड महिना झाला होता. कॉलेजातून बाहेर पडताना माझे विचार फार मोठे होते. पुण्याला जाऊन कुणाचं तरी ऑनलाइन दुकान सांभाळण्यापेक्षा आपल्या सोलापुरातल्या कामगारांच्या उपयोगी पडायचं, असं मी घरी जेवताना भाषण देऊन जाहीर केलं होतं. आई म्हणाली, "बरं, भाकरी घे."

कारखान्यात नुकतंच हजेरीचं अ‍ॅप आलं होतं. फाटकाशी आलं की फोन तिथल्या वाय-फायला जोडला जातो. अ‍ॅप उघडायचं, आपला फोटो काढायचा, हिरवी खूण आली की हजेरी लागली. आठच्या पाळीला दहा मिनिटांची सवलत, त्यानंतर सरळ खाडा. आणि महिनाभरात एकही खाडा नसेल तर सलग चार दिवस सुट्टी.

आता मला सांगा, कामगाराचा अख्खा महिना ज्या सर्व्हरवर बसलाय, तो उघड्यावर ठेवायचा? कुणीही उठावं आणि त्याच्यावर हल्ला करावा?

हा हल्ला म्हणजे काय, ते सांगतो. समजा एका दुकानात दोनशे माणसं घुसली आणि काही न घेता नुसतं 'हे केवढ्याला, ते केवढ्याला' विचारत बसली, तर खरं गिऱ्हाईक दारातूनच परत जाणार. सर्व्हरचं तेच. त्यावर उपाय म्हणजे दारात पहारेकरी बसवायचा. राउटरला सांगून ठेवायचं, की अमुक एका मर्यादेपेक्षा जास्त जण विचारायला लागले की त्यांना बाहेर काढ.

मी आमच्या मॅनेजरसाहेबांच्या मागे लागलो. बिराजदारसाहेब शांत माणूस.

"टॉवेलवर कोण हल्ला करतंय ओ?" त्यांनी विचारलं.

"साहेब, हल्ला करणारा टॉवेल बघत नाही."

"मग काय बघतो?"

उत्तराऐवजी मी आवाज वाढवला. शेवटी ते म्हणाले, "करा. पण हजेरी बंद पडू देऊ नका. सोमवारी महिना संपतोय."

शनिवारी फाटकावर तार ओढत होतो, तेव्हा यल्लव्वा मावशी जवळ आल्या. बावीस वर्षं मागावर काढलेली बाई.

"सर, तुमचं ते मशीन सोमवारी नीट चालू द्या की. लेक पयलटकरीण हाय, अक्कलकोटला दिलीय. दिवस भरल्यात. म्हैनाभर खाडा न्हाई केला, ताप आला तरी आले. येवढा सोमवार गेला की चार दिवस तिच्यापाशी जाऊन बसते."

"मावशी," मी छाती काढून म्हणालो, "सोमवारपासून तुमच्या हजेरीला जगातला कुणी हात लावू शकणार नाही."

आता माझी चूक ऐका. मर्यादा किती ठेवायची हे ठरवायला आठवडाभर नुसतं बघायचं असतं, की रोज किती वर्दळ होते. हे मला शिकवलेलं होतं, परीक्षेत मी ते लिहिलंही होतं. पण एवढा धीर कुणाला? मी रविवारी, कारखाना बंद असताना, तासभर पडद्यावरची वर्दळीची रेघ बघितली. वर्दळ फक्त वॉचमनच्या फोनची होती. मग मी मन मोठं केलं आणि मर्यादा त्याच्या दहापट ठेवली.

सोमवारी मी मुद्दाम आठच्या पाळीला नाव लावून घेतलं आणि सातलाच सर्व्हरच्या खोलीत जाऊन बसलो. ही खोली गोदामाच्या मागे, टॉवेलच्या गठ्ठ्यांच्या आड. खिडकी नाही, बाहेरचं काही ऐकू येत नाही. एरवी मी दहाला येणारा माणूस, त्यामुळे आठला फाटकावर काय होतं हे मी कधी डोळ्यांनी बघितलंच नव्हतं.

सात एकोणसाठला पडद्यावरची रेघ शांत होती. आठला ती उभी राहिली.

सेकंदाला शेकडो मागण्या, आणि सगळ्या थेट हजेरीच्या सर्व्हरवर. राउटर धडाधड एकेकाला अडवत होता. पण अडवावं तसे ते जास्तच चवताळत होते. मी मर्यादा आणखी कमी केली. रेघ आणखी वर गेली. घाईत पासवर्ड तीनदा चुकला.

साहेबांना फोन लावला. "साहेब, हल्ला झालाय."

"कुठं?"

"आपल्यावर. मोठी टोळी आहे. नावं दिसतायत मला. किलर बॉय, डेंजर, बादशहा, पप्पा की परी..."

मग साहेब म्हणाले, "परी पन हाय?"

"साहेब, ही टोपणनावं असतात. मी सर्व्हर वाचवतो."

आणि मी सर्व्हरची तार उपसली. रेघ आडवी झाली. मी गठ्ठ्यावर मागे रेललो. त्या पाच मिनिटांत माझ्याइतका उपयोगी माणूस सोलापुरात दुसरा नव्हता, असं मला अगदी मनापासून वाटलं.

तेवढ्यात साहेबांचा फोन. "अहो, फाटकावर सव्वाशे माणसं उभी हायत. कुणाचीच हजेरी लागंना."

"तेच तर सांगतोय साहेब. हल्ल्याचा परिणाम."

हल्लेखोरांची यादी छापून घेतली आणि धावत फाटकावर गेलो. आठ वाजून बावीस मिनिटं. सगळे फोन हातात धरून उभे होते, कुणी अंगठ्यानं पडदा घासत होतं. यल्लव्वा मावशी सगळ्यात पुढे. त्यांचा चेहरा बघून माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे, मी वॉचमनच्या स्टुलावर चढलो.

"मित्रहो, आज तुमच्या हक्काच्या हजेरीवर कुणीतरी हल्ला केलाय. पण घाबरू नका. एकेकाचं नाव माझ्या हातात आहे, आणि एकालाही मी सोडणार नाही." मी कागद उंच धरला आणि पहिलं नाव कडाडून वाचलं. "किलर बॉय!"

गर्दीतून एक सुरकुतलेला हात वर आला. मल्लप्पा काका. वय साठाला टेकलेलं.

"मी हाय की."

"काका, तुम्ही?"

"नातवानं नाव घालून दिलंय फोनात. काय झालं?"

माझा आवाज खाली आला. "डेंजर?"

"ते माजं," यल्लव्वा मावशी म्हणाल्या. "जावयाचा जुना फोन हाय."

बादशहा हे मागासाठी सुताच्या कांड्या भरणारे लाजरे गृहस्थ निघाले. आणि पप्पा की परी म्हणजे आमचा मिशीवाला वॉचमन. लेकीनं दिलेला फोन.

"पण तुम्ही सगळे एकदम, एकाच सेकंदाला कसे?" मी विचारलं.

"भोंगा झाल्यावर करायचं ना," काका म्हणाले. "भोंग्याआधी कोन आत जातंय? तवर समोर च्या पीत उभं ऱ्हायाचं. गिरणीपासनं तशीच सवय हाय. भोंगा झाला, कप ठेवला, फोन काढला. आज लागंना म्हून सगळे दाबतच ऱ्हायलो."

मी स्टुलावरून उतरलो.

"मग सर," मावशींनी हळूच विचारलं, "माजा खाडा पडला का?"

अ‍ॅपच्या हिशेबानं पडला होता. सव्वाशे जणांचा पडला होता. साहेब म्हणाले, "हातानं लावायची परवानगी मालकांनी बंद केलीय. ओळखीच्याची हजेरी तोंडी लावतात म्हणूनच तर अ‍ॅप आणलं." मावशी पदराच्या टोकानं फोनचा पडदा पुसत राहिल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी हातातल्या कागदाकडे बघत उभा होतो. आणि दिसलं. प्रत्येक नावापुढे वेळ होती. डेंजर, आठ वाजून शून्य मिनिटं, चार सेकंद.

"साहेब, हीच हजेरी! कोण किती वाजता फाटकावर होतं, सगळं यात आहे. राउटरनं स्वतः लिहिलंय, माणसानं नाही."

साहेबांनी मालकांना फोन लावला. मी तो जवळजवळ हिसकावून घेतला आणि तावातावानं सांगितलं, की तोंडी शब्दावर एकाचीही हजेरी लावू नका, पण यंत्राच्या नोंदीत ज्याचं नाव आहे त्याला नाकारणं हा अन्याय आहे. मालक म्हणाले, "ठीक. यादीत असेल तो हजर. नसेल त्याचा खाडा. कुणासाठी अपवाद नाही."

"कुणासाठीही नाही," मी ठणकावून सांगितलं.

मग फाटकात खुर्ची टाकून बिराजदारसाहेबांनी हल्लेखोरांची हजेरी घेतली. "डेंजर?" "हजर." मावशींचा आवाज चिरका आला, पण आला. माझ्या छातीवरचा दगड उतरला. शेवटच्या नावावर खूण झाली. मग साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"तुमची पन आज आठचीच पाळी ना? तुमचं नाव सापडंना यादीत."

"साहेब, मी तर सातपासून आत होतो. सात वाजता अ‍ॅप हजेरी घेत नव्हतं, आणि आठला मी..."

"कुणी बघितलं?"

"रात्रीच्या वॉचमननं. पण तो घरी गेला. आणि मी तुमच्याशी फोनवर बोललो की!"

"ते तोंडी झालं ओ," साहेब म्हणाले.

यल्लव्वा मावशी हळहळल्या. "सरांनी पन थोडा हल्ला करायला पायजे व्हता."

मावशी दोन दिवसांनी अक्कलकोटला गेल्या आणि नात बघून, पेढे घेऊन परत आल्या. मलाही एक दिला. त्या सोमवारच्या पत्रकात सगळे हल्लेखोर हजर आहेत. खाडा एकच आहे, पहारेकरी बसवणाऱ्याचा.