गुड्डीला मी परदेशी केलं

“भाऊ, अजून थोडी गोरी करा ना,” आत्याबाई म्हणाल्या.

मी माउस सरकवला. स्क्रीनवरची गुड्डी अजून थोडी गोरी झाली. आता तिचं नाक कुठे संपतं आणि गाल कुठे सुरू होतो, हे अंदाजानेच ठरवावं लागत होतं.

कुडव्यात माझा बेबी फोटोग्राफीचा स्टुडिओ आहे. गुड्डीचा पहिला वाढदिवस होता आणि हॉलच्या गेटवर तिच्या फोटोचा मोठा फ्लेक्स लागणार होता. समोर तिचे वडील नीलेश, आई प्रतिभा आणि नागपूरची आत्या बसली होती. आत्याबाईंचं तिकडे ब्यूटी पार्लर आहे, त्यामुळे रंगाचं खातं त्यांच्याकडे होतं. प्रतिभाकडे फक्त पोरगी सांभाळायचं.

खरा घोळ फोटो काढतानाच, बॅकड्रॉपवरून झाला होता. बॅकड्रॉप म्हणजे मुलाच्या मागे लावतो तो पडदा. गुड्डी सावळी, डोळे काळेभोर, डोक्यावर कुरळं जावळ. अशा पोरीमागे मोहरीसारखा पिवळा किंवा गडद मरून पडदा लावला की चेहरा उजळतो. मी मोहरी पडदा लावला. तिनेही खुश होऊन टाळ्या वाजवल्या. चार झकास फोटो निघाले.

“हा काय गोदडीचा कपडा लावला?” आत्याबाई म्हणाल्या. “पांढरा लावा. ढगवाला. परी दिसली पाहिजे.”

“ताई, मागे पांढरं असलं की कॅमेरा फसतो. उजेड जास्त आहे समजून सगळंच काळपट करतो. मी लाइट वाढवतो, पण पिवळ्यावर जास्त छान—”

“मंग एडिटिंग कायले असते?”

या प्रश्नावर आमच्या धंद्यात उत्तर नाही. ढग लागले. पाठीला पंख बांधले. गुड्डीने एक पंख चावून पाहिला आणि भोकाड पसरलं.

तर आता एडिटिंग चालू होतं. रंग झाला. मग जावळ फार विस्कटलेलं वाटलं, ते सरळ केलं. मग नीलेशभाऊंना कल्पना सुचली.

“डोळे जरा घारे होतील का?”

“होतील. पण घरात कोणाचे घारे आहेत?”

“नाही. पण भारी वाटते ना.”

प्रतिभा एवढ्या वेळात पहिल्यांदा बोलली. “दादा, तो पिवळ्या पडद्यावरचा फोटो चांगला होता.”

“वहिनी, तो घरी लावजो,” आत्याबाई म्हणाल्या. “हा चार लोकं पाहणार हायेत.”

डोळे घारे झाले. मागे एक विलायती किल्ला आला. खाली गुड्डीचं कागदावरचं नाव इंग्रजीत, वेलबुट्टीच्या अक्षरांत. घरात त्या नावाने तिला कोणी हाक मारत नव्हतं.

वाढदिवसाचे फोटो काढायलाही मीच होतो. फ्लेक्स झळकत होता. पाहुणे जमले, केक आला, फक्त कामठ्याहून प्रतिभाचे बाबा यायचे होते. ती सारखी फोन लावत होती. रिंग जायची, उचलत कोणी नव्हतं.

“शेतात रोवणं चालू असन त्यायचं,” आत्याबाई हसून म्हणाल्या. “नातीपेक्षा धान मोठा.”

प्रतिभाने परत फोन लावला. अर्धा तास थांबून केक कापला. त्या फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत आणि ती दाराकडे. तो फोटो एडिट करायला मला कोणी सांगितलं नाही.

शेवटी ती गुड्डीला कडेवर घेऊन गेटबाहेर आली. “बाबा गाडीवर येतात. कुठे पडले तं नसतील?” मी तिच्यासोबत होतो.

तेवढ्यात शेजारच्या हॉलमधून एक म्हातारे गृहस्थ बाहेर पडले. कपाळावर टिळा, डोक्यावर कोरी टोपी, गळ्यात दुपट्टा, तोंडात सुपारी. त्या हॉलमध्ये कोणाचं तरी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होता. त्यांनी गुड्डीकडे पाहिलं आणि जागीच थांबले.

“अरे! गुड्डे! तू इथं?”

“बाबा! कुठं होते तुम्ही?”

“अंदर होतो ना! मी तं कवापासून तुहीच वाट पाहून रायलो. कोणीच ओळखीचं दिसेना. म्हटलं, जावईबापूचे पाहुणे असतीन. त्यायनं मले पुढं बसवलं, टिळा लावला, टोपी देल्ली, जेवू घातलं. लय सज्जन लोकं. त्या गलक्यात फोन काही आयकू नाही आला.”

“अन् हा फ्लेक्स नाही दिसला?”

त्यांनी मान वर करून घाऱ्या डोळ्यांच्या गोऱ्या बाळाकडे नीट पाहिलं. “दिसला ना. म्हटलं, कोण्या साहेबाची पोरगी हाय. आपली गुड्डी कायले अशी असन?”

प्रतिभा आधी हसली, मग तिथेच रडली. मग तिने नवऱ्याला बाहेर बोलावलं.

“फ्लेक्स काढा.”

“अवं, पाहुणे हायेत—”

“माह्या बापाले त्याची नात दिसली नाही त्याच्यात. आत्ता काढा.”

नीलेशभाऊंनी आधी बहिणीकडे पाहिलं, मग बायकोकडे. मग स्वतः शिडी आणायला गेले.

दोष अर्थातच माझा निघाला. “तुमाले समजाले पाहिजे होतं ना,” आत्याबाई मला म्हणाल्या, “एवढी गोरी काऊन केली?” मी माफी मागितली. कस्टमर आहेत.

पिवळ्या पडद्यावरचा फोटो आता कामठ्याला भिंतीवर आहे. परीचा फोटो आत्याबाईंनी पार्लरमध्ये लावला. लोक विचारतात, कोणत्या क्रीमची जाहिरात आहे म्हणून.

मी एडिटिंग बंद केलेलं नाही. पोट त्याच्यावरच आहे. फक्त आता सुरू करण्याआधी विचारून घेतो, “कार्यक्रमाला आजी-आजोबा येणार आहेत का?” येणार असले, तर मूल ओळखू येईल इतपत ठेवतो.