शेवंतीच्या वाफ्यावरचा राब

आमच्या वेल्ह्याकडं थंडी पडते म्हटलं की पुण्याची माणसं हसतात. हसा खुशाल! पौषात पहाटे आमच्या अंगणात येऊन उभं राहा, मग कळेल. गवतावर पांढरं दहिवर साचलेलं असतं, बादलीतल्या पाण्यात हात घालवत नाही. मोगरा, जास्वंद कशीबशी तगतात. शेवंतीचे कोवळे फुटवे मात्र एका रात्रीत काळे पडतात.

ही शेवंती माझ्या माहेरची. पिवळी, बारीक फुलाची, बाजारात कुणी ढुंकून बघणार नाही अशी. गुंजवणीच्या अंगाला आमचं घर होतं, ते धरणात गेलं. घर सोडताना सगळे भांडी आणि पत्रे टेम्पोत चढवत होते, तेव्हा मी दारातला शेवंतीचा गड्डा मातीसकट उपटून पदरात घेतला. त्या घरातलं जिवंत असं तेवढंच माझ्याकडं आलं. आई आता खाली नव्या गावठाणात राहते. तिथल्या मुरमात शेवंती धरत नाही. मी दोनदा नेऊन लावली, दोन्ही वेळा वाळली.

एरवी थंडीत मी वाफ्यावर जुनी लुगडी, गोणपाट टाकायची. यंदा गारठा जास्त, म्हणून नीट बंदोबस्त केला. फुलं सरल्यावर दांडे बुडाशी छाटले. फुटव्यांभोवती शेणखत, त्यावर पालापाचोळा, त्यावर भाताचा पेंढा, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून वर थोडी माती. नवऱ्याला सांगितलं होतं का? सांगितलं होतं की! त्यांनी मोबाईलमधून मान वर काढली असती तर ऐकूही आलं असतं.

माघात भाचीच्या साखरपुड्याला भोरला गेले. संध्याकाळच्या एसटीनं परतले, तर फाटकापाशीच धुराचा वास आला. हे पायरीवर चहा पीत बसलेले, तोंडभर हसत.

"तुजा राब भाजून टाकला बग," म्हणाले. "म्हटलं, तू दमून येशील. तुला कशाला तरास!"

भातवाल्या माणसाला शेण, पाला, पेंढा आणि वर माती असा वाफा दिसला की एकच सुचतं. भाताचं रोप टाकायची जमीन आम्ही अशीच रचतो आणि पेटवून भाजतो, त्यालाच राब म्हणतात. पण तो भाजायचा उन्हाळ्यात, शेतात! ऐन माघात, दारापुढं, फुलांच्या वाफ्यात?

मी हातातली पिशवी तिथंच टाकून धावले. काळी राख. हातानं उकरली तर आत अजून ऊन होती. एकेक फुटवा बोटानं चाचपला, मुळापर्यंत उकरलं. सगळं कोळपलेलं.

"अहो, डोळं फुटलं व्हतं का तुमचं? शेवंती व्हती ती!"

"मला वाटलं, फुलांचं रोप टाकायला केलाईस. आन राबावानी रचायचाच कशाला?"

म्हणजे चूक परत माझीच! असा संताप आला की काय सांगू. यांच्या बैलाच्या पायात काटा मोडला तर सगळ्या घरानं जागं राहायचं. भाताच्या रोपाचं एक पान पिवळं पडलं तर चार जणांना विचारून येणार. आणि माझा वाफा पेटवताना घरातल्या बाईला एक फोन करायला यांचे हात मोडले होते!

"बरं, चुकलं. भोरच्या बाजारात लई शेवंती मिळती. उद्या दोन आनतो, मग तर झालं?"

"उद्या" म्हणाले आणि माझा उरलासुरला तोल गेला. मी आईला फोन लावला आणि मोबाईल यांच्या हातात कोंबला. "सांगा. तुमीच सांगा तिला."

आवाज मोठा करून ठेवला होता. आई म्हणाली, "बोला जावई, बरं हाय ना समदं?"

 हे खाली मान घालून म्हणाले, "मामी, तुमच्या दारातली शेवंती म्या जाळली. राब समजून."

 आई हळूच म्हणाली, "असू द्या, जावई. घर गेलं, तितं शेवंतीचं काय एवढं. तिला म्हनावं, भांडू नगंस."

असू द्या! घर मोजायला माणसं आली तेव्हाही तिनं हेच म्हटलं होतं. गोठा पाडला, तेव्हाही. मी मोबाईल हिसकावून घेतला आणि ओरडले, "असू देऊ नगंस, आई! एकदा तरी चीड की गं कुनावर तरी!"

  पलीकडं आई रडायला लागली, हमसून हमसून. घर सोडताना ती रडली नव्हती.