माझ्याच वाटेवर गिऱ्हाईक

दिवाडी बेटावर जीपने दिवसभराची सफर मी सुरू केली. हे आधीच सांगून ठेवतो, कारण हल्ली बेटावर दोन जिपा फिरतात आणि लोकांना वाटते, दोन्ही एकाच दिवशी आभाळातून पडल्या. डिचोलीच्या खाणी बंद झाल्या तेव्हा माझे तीन ट्रक दारात उभे होते. त्या धंद्यात मी क्लीनर म्हणून शिरलो, मालक होऊन बाहेर पडलो, आणि बाहेर पडलो तो काही स्वखुशीने नव्हे. ट्रक विकले, जुनी जीप घेतली, तिला निळा रंग दिला. नार्वेच्या धक्क्यावरून फेरीबोटीने गाडी पलीकडे न्यायची, मग शेतांतून, बांधांवरून, टेकडीवरच्या चर्चपर्यंत, कोटितीर्थाच्या जुन्या तळीपर्यंत हिंडायचे. डांबर टाळता येईल तेवढे टाळायचे. या वाटेचा एकेक तुकडा मी लोकांच्या सोप्यावर बसून, नको असलेला चहा पिऊन मिळवलेला आहे.

दुसरी जीप हिरवी आहे. ती माझ्या जुन्या ड्रायव्हरची. ट्रकच्या दिवसांपासून तो माझ्याकडे होता. एकदा त्याने फेरीबोट चुकवली आणि मी धक्क्यावर, पाहुण्यांसमोर, त्याला नको ते बोललो. माझा आवाज चढतो, हे गावाला ठाऊक आहे. त्यालाही ठाऊक होते. त्या दिवशी मात्र त्याने चावी बॉनेटवर ठेवली आणि पुढच्या बोटीत जाऊन बसला. तीन महिन्यांनी त्याच धक्क्यावर हिरवी जीप घेऊन आला. तीच बोट, तीच वाट, तेच थांबे. माझ्या डोक्यातली वाट त्याच्या डोक्यात राहिली होती आणि नोकरी सोडणाऱ्याकडून ती काढून घ्यायची काही सोय नसते.

त्याच्या जागी मी माझ्या मेव्हण्याला ठेवले. चाळिशीचा, लग्न झालेला, शांत माणूस. त्याला मी एकच सांगितले होते, "जेवणानंतर तो जे तीन तासांत दाखवतो, ते तू अडीच तासांत दाखव."

आता बांधाचे सांगायला हवे. बेटावरची सखल शेते नदीच्या खाऱ्या पाण्याच्या पातळीखाली आहेत. पाणी अडवतो तो मातीचा बांध, आणि बांधात एका जागी लाकडी दारे असतात, तिला आमच्याकडे मानस म्हणतात. भरतीला दारे मिटतात, ओहोटीला उघडतात. दरवर्षी पावसाळ्यानंतर बांधाला नवी माती चढवतात. ती माती वाळून घट्ट होईपर्यंत गाडी तिच्यावर न्यायची नाही, एवढी एकच अट शेतकऱ्यांच्या समितीने मला घातली होती आणि मी ती पाळत आलो होतो.

यंदा दिवाळीनंतर मानशीजवळ नवा बांध खचला. खारे पाणी दोन शेतांत शिरले, भाजीचे वाफे जळाले. खचलेल्या जागी चाकांच्या खुणा होत्या, पण नंतर अवेळी पाऊस पडला आणि त्या कोणाच्या ते सांगता येईना. समितीने आम्हा दोघांनाही बोलावले. मी म्हणालो, माझी गाडी नाही. त्यासाठी मेव्हण्याला मी आधीच विचारले होते आणि तो नाही म्हणाला होता. ड्रायव्हर म्हणाला, त्याचीही नाही. समितीचे म्हणणे सरळ होते. येत्या रविवारपर्यंत खरे कळले नाही, तर दोन्ही जिपा बेटाच्या शेतवाटांवरून बंद. शेतवाटा गेल्या की सफरीत उरते काय? डांबरी रस्ता आणि चर्च. ते लोक भाड्याच्या स्कूटरवरून फुकट बघतात.

माझे डोके फिरले. मी म्हणालो, "राखणदाराला गाऱ्हाणे घाला."

मानशीजवळ एका झाडाखाली बांधाच्या राखणदाराची, म्हणजे बांध सांभाळणाऱ्या देवाची, जागा आहे. बांधाचे, शेताचे, पाण्याचे काहीही असो, तिथे नारळ ठेवतात, एक विडी, एक पाव ठेवतात, आणि गावातला ठरलेला म्हातारा मोठ्याने गाऱ्हाणे घालतो. तो बोलेल ते सगळ्यांनी ऐकायचे आणि प्रत्येक वाक्याला होकार द्यायचा. सोळा-सतरा माणसे उभी होती. शब्द मी सांगितले, म्हाताऱ्याने ते उच्चारले. ज्याने हा बांध मोडला, त्याने इथे येऊन सर्वांसमोर कबूल करेपर्यंत त्याच्या गाडीचे चाक या बेटावर सुखाने फिरू नये. सगळे "व्हय" म्हणाले. ड्रायव्हरही म्हणाला. त्याचा "व्हय" मला जरा लवकर आल्यासारखा वाटला, आणि तेवढ्यावर मी ठरवले की पुरावा आपणच आणायचा.

म्हणून मी त्याच्या सफरीचे बुकिंग केले.

फोन त्याच्या बायकोने घेतला. आवाज ओळखला, तरी विचारले, "किती जण?"

"एकटा."

"एकट्यासाठी गाडी सोडत नाही आम्ही. पण गुरुवारी सांगलीचे दोघे आहेत. त्यांच्यात बसा."

मी घासाघीस केली. दुसऱ्यांबरोबर बसायचे तर दर कमी हवा, पुढची सीट हवी, शहाळे हवे.

"पात्रांव, शहाळे आम्ही सगळ्यांनाच देतो," ती म्हणाली.

माझ्या सफरीत शहाळे नव्हते. फोन ठेवल्यावर बराच वेळ मी याच विचारात होतो, की शहाळे देऊन तो नेमके काय झाकतो.

गुरुवारी सकाळी नार्वेच्या धक्क्यावर तो उभा होता. मला पाहून दचकला नाही. म्हणजे बायकोने सांगितले होते.

"पात्रांव, तुमी फुडें बसात," तो म्हणाला. मालकाला आमच्याकडे पात्रांव म्हणतात. मी आता त्याचा मालक नव्हतो, पण त्याने शब्द बदलला नव्हता. हेही मला खटकले.

सांगलीचे जोडपे मागे बसले. बाई चौकस होत्या, त्यांचे यजमान कॅमेऱ्यात डोळा घालून बसले होते. बोट निघाली तसे बाईंनी मला विचारले, "तुम्ही इथलेच ना? मग इथलेच लोक सफरीला येतात, म्हणजे चांगली असणार."

"पाहूया," मी म्हणालो. ड्रायव्हर पाण्याकडे बघून गालात हसला.

दिवसभर मी त्याचे एकेक पाऊल मोजत होतो. टेकडीवर त्याने माझीच गोष्ट सांगितली, नदी कुठून येते आणि बेटाला कशी विळखा घालते ती. कोटितीर्थाच्या तळीपाशी सप्तकोटेश्वराची मूर्ती नदीपलीकडे नार्वेला कशी नेली ते सांगितले. तेही माझेच, पण त्यात त्याने एक भर घातली होती. मूर्ती नेणाऱ्यांना ओहोटीच्या चिखलातून जावे लागले असेल, तर त्यांचे पाय किती रुतले असतील, असे म्हणून त्याने बाईंना चप्पल काढून काठावरच्या चिखलात पाय ठेवायला लावला. बाई खूश. यजमानांनी पायाचा फोटो काढला. मला हे नऊ वर्षांत सुचले नव्हते, म्हणून मला ते खोटे वाटले.

जेवण एका घरी होते. मी ज्या घरी पाहुणे नेतो ते नव्हे, त्याच्या शेजारचे. शीत म्हणजे भात, तिसऱ्यांचे हुमण म्हणजे कालवण, तळलेली मोरी मासळी. चव चांगली होती. मी वाढणाऱ्या बाईला विचारले, "हा तुम्हाला वेळेवर सांगतो का, किती माणसे येणार ते?"

"आदल्या दिवशी सांगता. मागीर येवन नारळ पण खवणून दिता," ती म्हणाली.

नारळ खवणून देणारा ड्रायव्हर. अशा माणसाच्या पोटात काय असते ते मला विचारा.

जेवणानंतर खरी गोष्ट आली. माझ्या वाटेवर जेवणानंतर मानस असते. पाहुण्यांना बांधाच्या सुरुवातीला उतरवायचे, पायी नेऊन दारे दाखवायची. तो मात्र गाडी दुसरीकडे वळवू लागला.

"मानशीकडे नाही का जायचे?" मी विचारले.

"आज नको, पात्रांव. भरती आसा."

"भरतीला दारे मिटतात तेच तर बघायचे असते. मीच शिकवलेय ते तुला."

"दुसरीकडे पक्षी दाखवतां. बगळे येतात आतां."

"बगळे काय, माझ्या परसातही येतात."

मागून बाई म्हणाल्या, "अहो, ती दारे आम्हाला बघायची आहेत. तुमच्या जाहिरातीत आहेत ती."

त्याने मान वळवून माझ्याकडे एकदा बघितले. मला वाटले, सापडला. मी म्हणालो, "गिऱ्हाईक मागतेय ते दाखवायचे नाही, हा कुठला धंदा? वळव."

त्याने गाडी वळवली.

बांधाच्या तोंडाशी त्याने जीप थांबवली आणि सगळ्यांना उतरवले. नव्या मातीवर चाक घातले नाही. हेही मी बघून ठेवले आणि मनात म्हटले, माझ्यासमोर कसा घालील. खचलेल्या जागी दगड आणि माती टाकून तात्पुरते बुजवले होते. शेजारच्या शेतात वाफे करपून पांढरे पडलेले दिसत होते.

मानशीवर दारांची राखण करणारा माणूस जाळे आवरत बसला होता. दारांशी अडकलेली मासळी तोच पकडतो. आम्ही गाऱ्हाणे घातले त्या सकाळी तो मासळी घेऊन बाजारात गेला होता, त्यामुळे माझी त्याची भेट झाली नव्हती. मला पाहून त्याने हात वर केला.

"पात्रांव, आज ह्या गाडयेन? तुमची निळी खंय?"

"घरी आहे."

"आणि माझ्यो फळ्यो?"

"कसल्या फळ्या?"

"तुमच्या मेव्हण्याक दिल्ल्यो त्यो. त्या दिसा हांगा गाडी रुतली न्हय? चाकाखाली घालपाक दोन फळ्यो दिल्यो हांवें. उद्यां हाडून दितां म्हणालो, अजून पत्तो ना. फणसाच्यो फळ्यो त्यो."

सांगलीच्या बाई माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांना अर्धेच कळले होते, पण तेवढे पुरेसे होते. ड्रायव्हर खाली वाकून चपलेचा चिखल काठीने काढत होता. एवढा चिखल तिला नव्हता.

"हे तू समितीला का सांगितले नाहीस?" मी विचारले.

"विचारलें कोणें? बांध मोडलो कोणी, तें ते विचारतात. माझ्यो फळ्यो खंय, तें कोण विचारना."

परतीच्या बोटीत ड्रायव्हरने तिघांनाही शहाळी दिली. माझे त्याने स्वतः फोडले. तो मला मानशीकडे न्यायचे टाळत होता, कारण त्याला ठाऊक होते. मानशीवरचा माणूस त्याला रोज भेटतो, फळ्यांचे रडगाणे त्याने ऐकलेच असणार. मग त्याने आधी का नाही सांगितले? माझी लाज राखायला? की मी स्वतःच्या तोंडाने गाऱ्हाणे घालेपर्यंत थांबला? गाऱ्हाणे घालताना मला अडवता आले असते. अडवले नाही.

घरी मेव्हण्याला समोर उभे केले. त्याने लगेच कबूल केले.

"भावोजी, तुमीच म्हणालात अडीच तासांत. बांधावरून गेलो तर अर्धो तास वाचता."

"मग खोटे का बोललास?"

"तुमी विचारलें तेन्ना तुमचो आवाज चडिल्लो आशिल्लो."

बायको दारात उभी होती. माझा आवाज चढायच्या आधी तिने म्हटले, "पहिले त्याच्या फळ्या परत करा." फळ्या आमच्याच जीपच्या मागे, ताडपत्रीखाली होत्या. मी त्या दोनदा सरकवून नट आवळायचे पाने ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी मी गाऱ्हाणे घालणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेलो. वाटेत हिशेब केला होता. म्हटले, चूक झाली आहे, मान्य. पण पहाटे आपण दोघेच जाऊ, नारळ ठेवू, मी कबूल करीन, राखणदार ऐकेल, झाले. समितीला बांधासाठी दहा माणसांची मजुरी देतो, त्याचे कारण सांगायला नको.

म्हातारा सुपारी कातरत होता. "गाऱ्हाणे घालताना किती माणसे होती?"

"सोळा-सतरा."

"शब्द कोणी सांगितले?"

"मी."

"सर्वांसमोर, असे तूच घातलेस. मी घातले असते तर थोडे सैल ठेवले असते." त्याने सुपारी तोंडात टाकली. "तुझी भाषा पक्की रे. पळवाट ठेवत नाहीस."

मी नारळांची संख्या वाढवून पाहिली. पाच म्हटले. तो म्हणाला, एकच लागतो. आयुष्यात मी पहिल्यांदाच जास्त देत होतो आणि समोरचा घेत नव्हता.

रविवारी सकाळी, ओहोटीला, त्या झाडाखाली सगळे जमले. या वेळी वीसच्या वर होते. मेव्हणा माझ्या शेजारी उभा होता, पण शब्द मलाच बोलायचे होते. गाडी माझी, घाई माझी, गाऱ्हाणेही माझे. मी बोललो. आवाज खाली ठेवून बोललो, तर मागून कोणीतरी म्हणाले, "आयकूंक येना," आणि मला पुन्हा बोलावे लागले. ड्रायव्हर समोरच्या रांगेत होता. या वेळी त्याचा "व्हय" सगळ्यात शेवटी आला.

समितीने तिथेच निर्णय दिला. शेतवाटा बंद नाहीत, पण बांधावर यापुढे कोणाचीच जीप जाणार नाही, उन्हाळ्यातसुद्धा नाही. दोघांनीही गाड्या बांधाच्या तोंडाशी ठेवायच्या आणि पाहुण्यांना चालवायचे. खचलेल्या जागेला माती मी चढवायची आणि वाफ्यांचे नुकसान मी भरायचे. ड्रायव्हरचा यात काहीच दोष नव्हता, तरी त्याचीही जीप बांधावरून बंद झाली. मी वाट बघत होतो तो माझ्यावर चिडण्याची. चिडला असता तर बरे झाले असते.

माती चढवायला आठ दिवस लागले. मी आणि मेव्हणा रोज गेलो. पाट्या वाहताना माझी कंबर गेली, आणि तेव्हा पहिल्यांदा कळले की जी माती मी फक्त जीपमधून बघत होतो, ती ओली असताना किती जड असते.

आता आम्ही दोघेही पाहुण्यांना बांधावरून पायी नेतो. नवी माती चढवताना बांधाचा माथा मुद्दाम निमुळता ठेवला, तो दोन माणसांना पुरत नाही. त्याचे पाहुणे येत असतात, माझे जात असतात, आणि मधोमध गाठ पडली की एका रांगेला उतारावर उतरून थांबावे लागते, पाय खाऱ्या चिखलात घालून. अजून तरी दर वेळी तोच आपली माणसे घेऊन खाली उतरतो, आणि मला "पात्रांव, या" म्हणतो. मी जातो. यात त्याचा काय फायदा आहे, ते मी अजून शोधतो आहे.