वास येतोय म्हणजे कंपनी चालू

अंबरनाथला आमच्या चाळीत बाकीच्या बायका सकाळी तुळशीला पाणी घालायच्या, त्या वेळी माझ्या सासूबाई दारात उभ्या राहून हवा हुंगायच्या. सडक्या कोबीसारखा वास आला की निवांतपणे आत येऊन म्हणायच्या, "चालू हाय." म्हणजे कंपनी चालू आहे, माझ्या नवऱ्याची पाळी भरणार, महिना निभावणार. वास आला नाही तर चहा त्यांच्या घशाखाली उतरत नसे. संप झाला का, टाळं लागलं का, म्हणून त्या घरोघर विचारत फिरायच्या. त्यांना हसण्यात अर्थ नव्हता, अख्खी चाळच नाकाने पगाराचा अंदाज घ्यायची.

नवरा रंग बनवणाऱ्या कंपनीत ऑपरेटर होता. त्याच्या घामालाही रंग यायचा. उशीचा अभ्रा कधी पिवळा, कधी गुलाबी. नवी नवरी असताना मी चेष्टा करायचे, तुमच्याकडे रंगपंचमी बारा महिने. मग भोपाळ झालं आणि माझी चेष्टा बंद पडली. नळावर एकच विषय, आपल्याकडे असं झालं तर पळायचं कुठे. कुणी म्हणे ओला फडका तोंडावर धरायचा, कुणी म्हणे वाऱ्याच्या उलट पळायचं. मला तेव्हा दिवस गेले होते. मी खिडकीची कडी लावायचे, पुन्हा उठून बघायचे, आणि पुन्हा एकदा बघायचे. जिवाला घोर लागला तो तेव्हापासून.

मुलगी झाली. पहिल्याच हिवाळ्यात तिची छाती वाजायला लागली. थंडीत संध्याकाळी वारा पडायचा आणि कंपन्यांचा धूर वर न जाता चाळीवरच बसून राहायचा. आम्ही मात्र म्हणायचो, पोरीला सर्दी झालीय. आणि बाळाला सर्दी झाली की आपल्याकडे काय करतात हे सांगायला नको. धुरी. शेगडीत निखारे, त्यावर ओवा आणि लसणाच्या साली, आणि त्या धुरावर बाळाला धरायचं. सासूबाईंनी आपली सगळी पोरं अशीच वाढवली होती. पण ती गावाला, कुडाच्या घरात. तिथे धुराला बाहेर जायला शंभर वाटा होत्या. आमची खोली पक्क्या भिंतींची होती.

एकदा दिवेलागणीला वास असा काही सुटला की डोळ्यांची आग व्हायला लागली. नवरा दुसऱ्या पाळीला गेलेला. आम्ही दोघींनी दार लावलं, खिडकी लावली, उंबऱ्याशी गोधडी कोंबली. बाहेरचं काही आत येऊ द्यायचं नाही. पोरीची छाती घुरघुरतच होती, म्हणून सासूबाईंनी शेगडी पेटवली. बाहेरच्या धुराला भिऊन दार कोंडून घेतलं आणि आत स्वतःच्या हाताने धूर केला. त्या क्षणी दोघींपैकी एकीच्याही हे लक्षात आलं नाही. पोर रडत होती तोवर ठीक होतं. मग तिचं रडणं थांबलं. बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या, ओठ जांभळट दिसले. मी गोधडी लाथेने सारून दार उघडलं आणि तिला घेऊन अनवाणीच पळाले. पाठोपाठ सासूबाई. कुठे जायचं ते रिक्षावाल्याला त्यांनीच सांगितलं.

उल्हासनगरला कॅम्प तीन नावाच्या भागात लहान मुलांचे एक सिंधी डॉक्टर होते. त्यांनी पोरीला ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं. तिचा श्वास जरा सुधारल्यावर त्यांनी तिचं झबलं स्वतःच्या नाकाशी धरलं.

"धुरी दिली काय?" त्यांनी सासूबाईंना विचारलं. "अरे माई, बाहर का धुआँ कम था क्या?"

सासूबाई खाली बसल्या. डॉक्टरांनी मला विचारलं, मिस्टर कुठे काम करतात. मी सांगितलं. त्यांनी झबलं खाली ठेवलं.

"बेबीला दमा आहे. उसको वहाँ से हटाओ. आज बची, हर बार नहीं बचेगी."

"औषध नाही का काही?"

"दवा देतो ना मी. हवा कुठून देऊ?"

घरी बोलणी झाली, भांडणंही झाली. नवरा कंपनी सोडायला तयार होता, पण दुसरीकडे काम मिळणार तेही असल्याच कंपनीत, त्याच्या हाताला तेवढंच माहीत. कंपनी सोडली तर पोरीला दूध कुठलं, आणि ठेवली तर श्वास कुठला? शेवटी निकाल सासूबाईंनी लावला. बदलापूरच्या कडेला खरवईत त्यांची बहीण राहायची. तेव्हा तिथे नुसती भातशेती होती.

"तू माझ्या पोराला जेवाय घाल," त्या म्हणाल्या, "तुझ्या पोरीला मी बघते."

माझ्या अंगावरचं दूधही अजून तुटलं नव्हतं. त्यांनी पोरीला खांद्यावर टाकलं आणि निघाल्या. मी ओली चोळी बदलत घरात बसले.

खरवईत तिची छाती गप्प झाली. मला बरं वाटलं आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण डॉक्टरांचं म्हणणं खरं ठरलं होतं. आम्ही रविवारी भेटायला जायचो. बाप अंघोळ करून, कपडे बदलून मगच तिला जवळ घ्यायचा, नाहीतर तिला ढास लागायची. ती सासूबाईंना आई म्हणायला लागली, आणि मला अंबरनाथची आई. बुद्धपौर्णिमेला आमच्याकडे आली की दुसऱ्या दिवशी छाती वाजायची आणि ती स्वतःच आपली पिशवी भरायला घ्यायची. पप्पांची कंपनी असते तिथे आपण राहायचं नसतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. हल्ली सगळे सांगतात, पुढे उन्हाळे याहून तापतील, हवा दिवसचे दिवस कोंडून राहील. मला ते शास्त्र कळत नाही. पण हवा कोंडते म्हणजे काय, ते मला माहीत आहे.

नव्वद सालानंतर नवऱ्याची कंपनी बंद पडली. बरेच महिने तो घरी बसून होता. मग एका रविवारी आम्ही खरवईत असताना तो बाहेर जाऊन आला तो पेढे घेऊनच. शेतांच्या पलीकडे नव्या कंपन्या उभ्या राहत होत्या, त्यातल्या एकीत त्याला घेतलं होतं. काम तेच, रंगाचं.

"चालत जाता येईल," तो सासूबाईंच्या पाया पडत म्हणाला. "अंबरनाथची खोली सोडू. आता सगळे एकत्र राहायचं."

सासूबाईंनी पेढा हातात घेतला, तोंडात घातला नाही. पोरगी तिसरीत होती, जेवायला बसली होती. तिने हातातला घास ताटात ठेवला आणि बापाकडे बघितलं. रडली नाही, चिडलीही नाही.

"पप्पा," तिने विचारलं, "मग आता मी कुठे जायचं?"