लेकीचे डोहाळे आणि आर्टिचोक

आर्टिचोक, म्हणजे ज्याची कळी खातात ती विलायती भाजी, मी खायला लावला नव्हता, मिरवायला लावला होता. मोबाइलवर व्हिडिओ बघून बिया मागवल्या आणि त्यांना थंडी लागावी म्हणून ओल्या फडक्यात बांधून फ्रिजमध्ये ठेवल्या. आमच्या ह्यांनी मटकी समजून त्या उसळीला काढल्या होत्या. मी वेळेवर हिसकावून घेतल्या.

मोरिवलीत आमच्या घरामागे जेमतेम दोन खाटा मावतील एवढी जागा आहे, पलीकडे कारखाने. या झाडाची मुळं खोल जातात म्हणून मी चांगला हातभर खड्डा खणला, तर खाली कारखान्याच्या गाळासारखा निळसर मातीचा थर लागला. लग्नाच्या वर्षी घर बांधताना ट्रकने भराव टाकला होता, तो कुठून आणला हे कुणीच विचारलं नव्हतं. शोभेचंच तर झाड, म्हणत मी रोप लावून मोकळी झाले. रुपेरी, कातरलेल्या पानांनी ते असं फोफावलं की शेजारीण म्हणाली, "वहिनी, हा काटेधोतरा कशाला जोपासताय?"

थंडी सरताना लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. झाडाला तेव्हाच एक कळी धरली होती, मुठीएवढी, खवल्याखवल्यांची. पोरीचे डोळे चमकले.

"आई, ऑफिसच्या पार्टीत खाल्लं होतं हे. मला पाहिजे. उकडून, लसूण घालून."

चिंचा मागितल्या असत्या तर मी झाडावर चढले असते. पण त्या निळ्या मातीतलं पोटुशीला कसं घालू? खरं सांगावं तर पोर घाबरणार. ह्यांना विचारलं, तर म्हणे, "तू फार विचार करतेस."

मग मी टोलवाटोलवी सुरू केली. "अजून कोवळी आहे गं." "उद्या बघू." रोज उठले की आधी मागे जाऊन कळी चाचपायची. ती उमलली की खायच्या कामाची राहत नाही, म्हणून ती लवकर उमलावी एवढंच मनात. एवढ्या मायेने वाढवलेल्या झाडाचं मी वाईट चिंतत होते.

एका सकाळी खवले फाकून आत जांभळे तुरे दिसले आणि मला हायसं वाटलं. मागे लेक उभी होती.

"मुद्दाम उशीर केलास ना?"

मला राहवेना. भराव, तो थर, सगळं सांगून टाकलं, रडलेही. ती चिडली नाही. पोटावर हात ठेवून जमिनीकडे बघत राहिली.

"आई, मी पोटात होते तेव्हा इथे काय लावलं होतंस?"

अळू होतं. आणि मला डोहाळे अळवाच्या फदफद्याचेच लागले होते.