जावाची होडी, जव्हारचं इरलं

"डेन्मार्कला जाऊन काय पाहिलंत?" असं जव्हारात मला ज्याने त्याने विचारलं, आणि प्रत्येक वेळी माझ्या तोंडी आधी इरलंच आलं. राजवाडे, चर्च सगळं मागाहून. म्हणून एकदाचं लिहून टाकतो. कुणी जाणार असेल तर त्याला उपयोगही होईल.

तिकडच्या खेड्यांतल्या प्रौढांच्या शाळा पाहायला काही शिक्षक पाठवायचे होते, त्यात माझा नंबर लागला. अर्जावर मी सवयीने 'संस्थान जव्हार' लिहिलं. कारकून म्हणाला, "गुरुजी, संस्थान विलीन होऊन सात वर्षं झाली. आता ठाणे जिल्हा." आणि माझ्यादेखत त्याने ते खोडलं. माझं डोकं फिरायला सुरुवात झाली ती तिथून.

जव्हारहून एसटीने डहाणू, तिथून रेल्वेने मुंबई, मग बोटीने जिनोआ आणि पुढे आगगाडी. एसटीत पुढची जागा धरा, नाहीतर बोट लागायच्या आधी घाटातच गाडी लागते. बोटीवर शाकाहारी जेवण म्हणजे उकडलेला बटाटा. डेन्मार्कातही बटाटाच, सोबत काळा आंबूस पाव. लोणचं जरूर न्या, पण बरणी नीट बांधा. माझी फुटली आणि नव्या कोटाला अजून मोहरीचा वास येतो.

रोस्किल्डच्या चर्चमध्ये त्यांच्या राजांच्या इतक्या कबरी आहेत की पाय कुठे ठेवावा कळत नाही. तिथल्या माहिती सांगणाऱ्या बाईंनी विचारलं, "तुमच्या गावी राजा आहे का?"

"आहे, पण राज्य विलीन झालं."

"म्हणजे युद्धात हरलात?"

नाही म्हणून सांगता सांगता माझं इंग्रजी संपलं. बाईंनी सांत्वनाला माझा हात दाबला.

खरा वैताग पुढे होता. एका बंदराच्या गावी, खलाशांनी जगभरातून आणलेल्या वस्तूंचं लहानसं म्युझियम होतं. बाहेर पाऊस, म्हणून आत शिरलो. काचेच्या कपाटात दोऱ्यांनी उताणं टांगलं होतं आपलं पानांचं इरलं! खाली पाटी: 'लहान होडी, जावा.'

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. इरल्याला खलाशाने बांधलेली पिवळी चिठ्ठी अजून तशीच होती, आणि तिच्यावर रोमन अक्षरांत स्वच्छ 'जव्हार'. म्युझियम सांभाळणारे एक निवृत्त कप्तान होते. त्यांना बोलावून मी बोट दाखवलं.

"ते वाचलं होतं," ते शांतपणे म्हणाले. "पण जव्हार नकाशात सापडलं नाही. जावा सापडलं."

"अहो, ही होडी नाही! पावसात अंगावर घ्यायची वस्तू आहे!"

त्यांना पटेना. शेवटी कपाट उघडायला लावलं, इरलं डोक्यापाठीवर घेतलं आणि त्या चकचकीत लाकडी जमिनीवर कमरेत वाकून मी भाताची आवणी करून दाखवली. शाळेची सहल आली होती, ती पोरं पोट धरून हसली. कप्तान मात्र हसले नाहीत. त्यांनी एक फॉर्म पुढे केला. "चूक आमची. भरा, पाटी बदलतो."

वस्तूचं नाव, उपयोग, गाव हे झरझर लिहिलं. गावापुढे 'जव्हार' तर चांगलं ठसठशीत. मग प्रश्न आला: पान कोणत्या झाडाचं? अंदाजाने साग लिहिलं. बांधतात कशाने? कोण बांधतं? जन्म जव्हारात गेला, शाळेच्या ओट्यावर दर पावसाळ्यात पोरांच्या इरल्यांची रांग पाहिली, ओल होते म्हणून ओरडलोही. पण एवढं साधं मला सांगता येईना. स्वतःचाच संताप आला. कप्तान म्हणाले, "घरी जाऊन विचारा आणि पोस्टाने पाठवा."

परतल्यावर पहिल्या रविवारी जव्हारजवळच्या दाभोसा गावी गेलो. तिथे देवजीबाबा इरली बांधतात. अंगणात बांबूच्या कामट्या सोलत बसले होते. सगळी हकिकत सांगितली तर हसता हसता त्यांना ठसका लागला.

"होडी? बुडालं का नाय मग कोनी?" आणि मग, "तिकडं पानी पडतं?"

"रोज."

"मग टांगलं कशाला? घालायचं ना!"

मी फॉर्म वाचू लागलो. "साग? सागाच्या पानाला किडा भोकं पाडतो. पळस लिवा." पळस लिहिलं. "बांधाया बांबूचीच सालपटं." तेही लिहिलं. मग मी मोठ्या दिमाखात वाचलं, "गाव, जव्हार."

बाबांचं हसू गेलं. "जव्हार कशाला? जव्हारात कोन बांधतं? तिथं इकत घेतात. बांधतो आमी. दाभोसा लिवा."

एवढा परदेश पालथा घातला तो एका नावासाठी, आणि आता हे! मी जरा चिडूनच म्हणालो, "बाबा, दाभोसा त्यांना नकाशात सापडायचं नाही."

बोललो, आणि कप्तानांचंच वाक्य आपल्या तोंडून निघालं हे कळलं.

"नाय सापडलं तर इचारतील," बाबा कामटी सोलत म्हणाले. "तुमाला ठावं हाय ना कुठं हाय ते?"

मी पेन काढलं आणि जव्हार माझ्याच हाताने खोडलं.